ऐकीव

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रं लाकडी पट्ट्यांत अडकवून ठेवलेली असत. दुपारी ती जागेवर लावताना मी हातात खोडरबर घेऊन बसायची. बातमीत जिथे जिथे 'असे समजते' छापलेलं असे, तिथे समासात बारीक पेन्सिलीने 'कोणाला?' लिहिलेलं असे. 'सूत्रांकडून कळते' ह्याच्या शेजारी 'सूत्राला कसं कळलं?'. ग्रंथपालांनी वैतागून पाटी लावली की वर्तमानपत्रावर कोणी लिहू नये. अणसूरकर सरांनी पाटी नीट वाचली, सूचना योग्य आहे असं मला सांगितलं आणि खिशातून पेन्सिल काढली.

कॉलेजचं नाव सांगत नाही. ते अजून चालू आहे आणि मी त्याच्याच पगारावर जगते. अठ्ठ्याण्णव साली मी तिथे हंगामी सहायक म्हणून लागले तेव्हा सर पंचेचाळिशीचे होते. तर्कशास्त्र शिकवायचे. आमच्याकडे तर्कशास्त्र म्हणजे ज्यांना गणित झेपत नाही आणि इतिहास पाठ होत नाही, त्यांचा विषय. वर्गात पंधरा-वीस मुलं असायची, पावसात सहा-सात. सर सहांनाही तितकंच शिकवायचे. हजेरी घेताना कोणी 'गैरहजर' म्हटलं तर म्हणायचे, "गैरहजर आहे की नाही माहीत नाही, मला दिसत नाही एवढंच लिहितो."

ते वेंगुर्ल्याहून एसटीने यायचे. अंगात पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेन्सिली, आणि काखेत जुन्या कॅलेंडरच्या पानांची गुंडाळी. वर्गात आणि कार्यालयात शुद्ध बोलायचे, ग्रंथालयात माझ्याशी मालवणीत. कोणीही काहीही सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, "तुका कसा कळला?" शिपायाने सांगितलं की उद्या सुट्टी, तर त्यालाही तोच प्रश्न. मी एकदा म्हटलं, सर, बंदरावर सुरमई स्वस्त झाली आहे. त्यांनी विचारलं, मी कबूल केलं की शेजारणीने सांगितलं. "मगे तुका म्हायत नाय. तुया ऐकलंस. दोन्ही येगळा."

मुलं त्यांची नक्कल करायची. प्राध्यापक त्यांच्याशी बोलणं टाळायचे, कारण साधी चौकशीसुद्धा उलटतपासणी होऊन बसे. मला मात्र त्या माणसाशी बोलल्यावर आपलं डोकं झाडून काढल्यासारखं वाटायचं.

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर ते काय लिहितात हे विचारायचा धीर मला वर्षभराने झाला. खाली एक ओळ असायची, तिच्यावर दोन, त्या दोघींवर चार, असं झाड वर वर पसरत जायचं आणि कागद संपला की डिंकाने दुसरा चिकटवलेला असायचा. उत्तरादाखल त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. लहानपणी एका देवळातल्या समाराधनेला ते जेवायला बसले होते. दोनशे पानं. शेवटी खीर वाढली आणि ती नासलेली होती. प्रत्येकाला पहिल्याच घोटाला कळलं. पण शेजारचा खातो आहे, समोरचा खातो आहे, यजमान उभे आहेत. कदाचित आपल्याच वाटणीची नासली असेल, म्हणून प्रत्येकजण खात राहिला. तेवढ्यात पंगतीच्या टोकाचा एक बहिरा म्हातारा मोठ्याने म्हणाला, "खीर नासली मरे." त्याबरोबर दोनशे माणसांनी हात आखडले.

"आता बाय, माका सांग," सर म्हणाले, "त्या म्हाताऱ्यान नवीन काय सांगल्यान? खीर नासली ह्या सगळ्यांका आधीच म्हायत होता. मगे बदलला काय?"

उत्तर त्यांनीच दिलं. ते म्हणाले की बदललं ते एवढंच की आता दुसऱ्यालाही माहीत आहे हे प्रत्येकाला कळलं, आणि आपल्याला ते कळलं हेही दुसऱ्याला कळलं, आणि ह्याला शेवट नाही. एखादी गोष्ट खरी असणं, ती मला माहीत असणं, मला माहीत आहे हे तुला माहीत असणं, ह्या निरनिराळ्या पायऱ्या आहेत. आणि चारचौघांत सांगितलेली एक बातमी ह्या सगळ्या पायऱ्या एका क्षणात हलवते. जगात काही जण ह्याचं तर्कशास्त्र मांडत होते. सर त्यासाठी सिद्धतेचे नियम करत होते: बातमी ऐकण्याआधी कोणाला काय माहीत होतं, त्यावरून ऐकल्यानंतर कोणाला काय माहीत असेल हे पायरी पायरीने, एकही पायरी न गाळता सिद्ध करता यावं. कॅलेंडरवरची झाडं म्हणजे ह्याच सिद्धता.

असे नियम दुसऱ्यांनीही केले होते. पण त्यांची रीत सरांना पटत नव्हती. ते लोक आधी विधानातली बातमी काढून टाकायचे, बातमी नसलेलं लांबलचक विधान बनवायचे आणि मग ते सिद्ध करायचे. सरांना बातमी सिद्धतेत शेवटपर्यंत जिवंत ठेवायची होती. आणि दुसरी एक अट त्यांनी स्वतःला घातली होती. सिद्धतेत मधेच बाहेरचं विधान आणून टेकू द्यायचा नाही. जे सिद्ध करायचं, त्याच्या पोटात जे आहे तेवढ्यावरच काम भागलं पाहिजे. "आपल्या घराकडसून समुद्रार जावचा, पण दुसऱ्याच्या कुंपणातसून नाय," असं ते म्हणायचे. असा टेकू नेहमीच काढून टाकता येतो, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. सात वर्षं ते त्याच्या मागे होते. ह्या कामासाठी त्यांना कोणी रजा दिली नव्हती की बढती.

ग्रंथालयात पहिला संगणक आला तेव्हा ह्या कामावरचा त्यांचा लेख मी टाइप केला. चौकोनी कंस, बाण, अक्षराच्या पायाशी बसणारं बारीक अक्षर, एकेका पानाला दोन दिवस लागत. सर शेजारच्या खुर्चीत बसून एकही शब्द न बोलता बघत. चूक झाली की मात्र त्यांचा श्वास वेगळा ऐकू येई. परदेशातल्या एका नियतकालिकाकडे लेख गेला आणि आठ महिन्यांनी परत आला. सोबत तीन पानांचं पत्र होतं. परीक्षकाने लिहिलं होतं की काम मोलाचं आहे, पण एका बातमीच्या पोटात दुसरी बातमी असते तेव्हा टेकू काढण्याची पायरी बसत नाही. लेखकाने ती दुरुस्त करून पुन्हा पाठवावं. मला वाटलं सर खचतील. ते पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरोबर धरल्यान. कोणीतरी शेवटपर्यंत वाचल्यान गो." इतकं प्रसन्न मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

सरांचं लग्न झालेलं नव्हतं. घरात त्यांची थोरली विधवा बहीण होती, अक्का. त्यांच्या घरी मी चार-पाच वेळा गेले असेन. अक्का उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला बांगडा पुढ्यात ठेवून भावाच्या तक्रारी सांगायची: बाजारात भाव विचारायला पाठवलं तर वाद घालून येतो, भाजी आणतच नाही. लेख परत आला त्या वर्षी अक्काच्या पोटात दुखू लागलं. तपासण्या गोव्यात झाल्या. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं की फार तर एक वर्ष. सरांनी ते मला ग्रंथालयात सांगितलं आणि अक्काला काही कळता कामा नये असं बजावलं.

पुढच्या रविवारी मी भेटायला गेले. सर विहिरीवर होते. अक्काने माझा हात धरला आणि म्हणाली, "तेका सांगू नको हां, माका सगळा म्हायत आसा म्हणान. तो खचात."

त्यानंतर चौदा महिने त्या घरात दोघांनाही माहीत होतं, आणि दोघेही पुढच्या उन्हाळ्यात माडाच्या झापांनी पडवी शाकारायच्या गप्पा मारत होते. मी मधे बसून ऐकत होते. दोन्ही बाजूंचं मला माहीत होतं. एका शब्दाने मी ते संपवू शकले असते आणि मला तो शब्द उच्चारावासा वाटला नाही. अक्का गेली तिच्या बाराव्याला सर मला म्हणाले, "तिका म्हायत होता. तिना तुका सांगल्यान आसतला. तू बोललंस नाय ता बरा केलंस." मग जणू स्वतःशीच, "पण आमी एकदा तरी बोलूक होया होता. वर्षभर एका घरात ऱ्हवान आमी दोघाय एकटी होतो."

त्या वेळी मला माझ्या गप्प राहण्याचा थोडा अभिमान वाटला होता. आज तो आठवला की लाज वाटते.

कारण पुढच्याच उन्हाळ्यात दुसरी गोष्ट घडली. आमच्या ग्रंथालयाच्या मागे एक खोली होती. तिथे फाटकी पुस्तकं आणि मोडके बाक असत. परीक्षा चालू होत्या. एका दुपारी जुनी रजिस्टरं ठेवायला मी ती उघडली. आत संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याची पुतणी बसली होती. तिच्यासमोर सकाळच्या पेपरची स्वतःची उत्तरपत्रिका होती आणि शेजारी उघडं पुस्तक. कार्यालयातला एक जण दारामागे स्टुलावर बसून वारा घ्यायला कागद हलवत होता. त्याने मला बघून फक्त मान हलवली, जशी आपण ओळखीच्या माणसाला बघून हलवतो. मी रजिस्टरं ठेवली आणि दार लावून घेतलं.

ह्याची कुणकुण सगळ्यांना होती. स्टाफरूममध्ये त्या दिवसांत एक विशिष्ट प्रकारचं हसू असे. दर वर्षी कोणी ना कोणी त्या खोलीत बसतं हे बावीसच्या बावीस जणांना ठाऊक होतं. पण पाहिलं होतं फक्त मी.

मी सरांना सांगितलं. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांना तीन ओळींचं पत्र दिलं आणि त्याची प्रत विद्यापीठाकडे पाठवली. प्राचार्यांनी त्यांना बोलावून प्रेमाने समजावलं. ते पत्र मागे घेईनात. विद्यापीठाचं विचारणा करणारं पत्र आलं तेव्हा संस्थेने आपलीच तीन माणसांची समिती नेमली. अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी होते, शांत आवाजाचे.

समितीची बैठक स्टाफरूममध्ये, सगळ्यांच्या समोर झाली. तो सरांचाच आग्रह होता. एकेकाला आत बोलावलं तर प्रत्येकजण वेगळं सांगेल, सगळ्यांच्या समोर बोललं की गोष्ट सगळ्यांची होते, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा सगळा अभ्यास ह्याच गोष्टीचा होता. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

त्यांनी उभं राहून घडलेलं सांगितलं. आवाज वर्गात असे तसाच. अध्यक्षांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"नाही."

"मग?"

"ज्या व्यक्तीने पाहिलं, तिने मला सांगितलं. ती व्यक्ती खोटं बोलत नाही."

"त्या व्यक्तीचं नाव?"

"नाव मी सांगणार नाही. तिला त्रास होऊ शकतो. ती इथे असेल आणि तिला बोलावंसं वाटलं, तर ती बोलेल."

आणि ते खाली बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चुकूनसुद्धा नाही. समोरच्या टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. मी दाराजवळच्या बाकावर होते. माझ्या कायम नेमणुकीचा कागद त्या आठवड्यात प्राचार्यांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता, हे एक कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. दुसरं असं की कोणीतरी दुसरं बोलेल. बावीस माणसं होती. त्यांतल्या एकाने 'आम्हीही ऐकून आहोत' एवढं म्हटलं असतं तरी मी उठले असते, असं मला आजही वाटतं. कदाचित बाकीच्या सगळ्यांनाही तसंच वाटत असेल. कोणी चहाचा कप बशीत ठेवला. बाहेर शिपाई घंटेजवळ उभा होता, त्याने तास दिला. अध्यक्षांनी पुरेसा वेळ वाट पाहिली, त्यांच्यावर माझा राग नाही. मग त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे ऐकीव," ते म्हणाले आणि तेवढंच लिहिलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. पुराव्याशिवाय संस्थेची बदनामी केल्याबद्दल सरांना निलंबित केलं. प्राचार्य सगळ्यांना हळहळत सांगत की बहीण गेल्यापासून बिचाऱ्याच्या मनावर परिणाम झाला आहे. ते इतक्या कळवळ्याने सांगत की काही दिवसांनी लोकांना ते खरंच वाटू लागलं. जे त्या खोलीबद्दल हसायचे, तेच आता 'सरांनी उगाच' असं म्हणू लागले. सहा महिन्यांनी सरांनी राजीनामा दिला. माझी नेमणूक कायम झाली. त्या संध्याकाळी स्टाफला पेढे वाटायची पद्धत होती. मी वाटले.

राजीनाम्यानंतर त्यांचे काही कागद ग्रंथालयात राहिले होते. ते द्यायला मी एकदाच वेंगुर्ल्याला गेले. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं, पण त्यांनी मला बोलू दिलं नाही. चहा केला. त्यांना चहा करता येत नव्हता, साखर फार पडली होती. कॅलेंडरची पानं टेबलावर पसरलेली होती. परीक्षकाने दाखवलेली ती पायरी त्यांनी दुरुस्त केली होती. बातमीच्या पोटातली बातमी कशी सोडवायची ते मला त्यांनी उत्साहाने समजावलं, आणि मला ते कळतं आहे असं मी दाखवलं. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"ह्या कागदार बरोबर आसा," ते म्हणाले. "पण माझो नियम एका जाग्यार चुकलो. मोठ्यान सांगला की ऐकणाऱ्याक कळता, ह्या मी धरूनच चललंय. ऐकणारो कळून घेवक तयार आसतलो, ही अट खंयच लिवक नाय."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

चाळीस पानं हाताने लिहिलेली होती. टाइप करायची राहिली होती. वेंगुर्ल्यात त्या वेळी ती चिन्हं टाइप करणारं कोणी नव्हतं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. त्यांनी विचारलं नाही. मी म्हटलं नाही की द्या. त्यांनी विचारावं म्हणून मी थांबले होते, आणि मी आपणहून म्हणावं म्हणून ते थांबले असतील का, ह्याचा विचार मी फार वेळा केला आहे. चहा संपवून मी चारची गाडी पकडली. नियतकालिकाने वाढवून दिलेली मुदत त्या पावसाळ्यात संपली.

नंतर त्यांच्याबद्दल तुकड्या-तुकड्यांनी कानावर येत राहिलं. कुडाळला एका शिकवणीत गणित शिकवतात. काजूच्या एका कारखान्यात हिशेब लिहायला लागले होते, ते सोडलं. कॉलेजात तर्कशास्त्र विषय दोन वर्षांनी बंद झाला. त्या मागच्या खोलीला नवा रंग दिला. परीक्षेच्या दिवसांत तिची किल्ली आता माझ्याकडे नसते, कार्यालयात असते. एवढाच फरक पडला.

दोन हजार दहाच्या सुरुवातीला मला ते शेवटचे दिसले. मी ओरोसला कामाला गेले होते आणि परतताना कसालला गाडी बदलायची होती. हमरस्त्याच्या कडेला बाजार भरला होता. ते एका झाडाखाली पिशवी घेऊन उभे होते. केस पूर्ण पांढरे, शर्ट तसाच. त्यांनीच मला हाक मारली. तब्येत विचारली, माझ्या मुलीचं विचारलं. मग म्हणाले की ते काम झालं. मला आधी समजेना. ते सांगू लागले की युरोपातल्या दोघांनी तो सिद्धांत छापला आहे, शिकवणीतल्या संगणकावर त्यांनी सगळा वाचला. बातमी तशीच ठेवून, टेकू काढून, अगदी त्यांना हवा होता तसा.

"तुमच्याआधी?" मी विचारलं.

"मी छापलंय खंय? मगे आधी आणि नंतर कसला? त्यांचो सुटसुटीत आसा. माझो लांब झालो होतो."

ते खरंच आनंदात होते की नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. माझ्या मनात जे इतकी वर्षं बसलं होतं ते त्या क्षणी तोंडातून बाहेर पडलं. भोवती माणसं होती, टेम्पो भोंगे वाजवत होते. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी मी बोलाक होया होता. मी बघलेला होता. माका बोलाक होया होता."

ते ऐकत होते. वर्गात एखाद्याने उशिरा का होईना हात वर केला तर बघायचे, तसं माझ्याकडे बघत होते.

"ता माका सांगान काय होतला?" ते म्हणाले. "माका म्हायतच आसा. तेंका सांगूक होया होता."

माझी गाडी आली. त्यांनी मला हाताने खूण केली, जा म्हणून, आणि पिशवी उचलून दोन्ही बाजूंना बघत रस्ता ओलांडला. मी खिडकीशी बसले. पलीकडे एका कांदेवालीच्या पुढ्यात ते वाकून काहीतरी विचारत होते. तिने हात हलवत उत्तर दिलं, मग दोघेही हसले. गाडी सुरू झालेली होती, त्यामुळे ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.